कात्राबाईच्या अलीकडे, पलीकडे

"अभयारण्य करायचं का, मावशी?" असं भाच्यानं विचारलं तेव्हा मी आधी त्याचं मराठी सुधारलं. अभयारण्य करत नाहीत, तिथे जातात. मग दोघांनी मिळून नकाशा उघडला आणि संध्याकाळचा स्वयंपाक राहून गेला.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणजे नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा पश्चिमेकडचा, सह्याद्रीच्या धारेला टेकलेला पट्टा. १९८६ साली जाहीर झालं, क्षेत्र ३६१.७१ चौरस किलोमीटर. उत्तरेला कळसूबाई, दक्षिणेला हरिश्चंद्रगड, मध्ये भंडारदऱ्याचं पाणी, रतनगड आणि कात्राबाईची रांग. गंमत अशी की गाडीनं रांगेच्या अलीकडच्या रतनवाडीहून पलीकडच्या कुमशेतला जायचं तर मागे धरणाजवळच्या शेंडी गावाला यायचं, तिथून राजूर, तिथून पुन्हा डोंगरात. पायी गेलं तर मध्ये फक्त एक खिंड. म्हणून बेत ठरला तो असा: पाण्याभोवती सायकल, खिंडीतून पाय. डिसेंबरचा पहिला आठवडा, म्हणजे ओढ्यांना पाणी असतं आणि जळवा नसतात.

मी सत्तेचाळीस, तो बावीस. माझी सायकल नऊ वर्षांची, त्याची नऊ महिन्यांची. एवढी ओळख पुरे.

पहिला दिवस : नाशिक ते शेंडी

सत्तर किलोमीटर. पहिले पस्तीस महामार्गाचे, त्याबद्दल न बोललेलं बरं. ट्रकची हवा अंगावर घेत विल्होळी, वाडीवऱ्हे, मुंढेगाव मागे टाकलं आणि घोटीत चहाला थांबलो. घोटी भाताचं गाव. डिसेंबरात बाजारात शिरलं की गिरण्यांच्या तुसाचा वास येतो, कोरडा, थोडा गोडसर. मला तो अत्तरापेक्षा आवडतो. भाच्याला शिंका आल्या.

घोटी सोडली की रस्ता माणसात येतो. दोन्ही बाजूंना कापलेली खाचरं, मध्येच एखाद्या बांधावर वाळत घातलेली नागली, आणि समोर डावीउजवीकडे सरकत राहणारं कळसूबाईचं शिखर. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच. पण खालून पाहताना ते उंच वाटत नाही, टोकदार वाटतं. बारीचा घाट लहान आहे, तरी सामान लादलेल्या सायकलला तो लहान वाटत नाही. मी शेवटचं वळण उतरून ढकलत काढलं. भाचा वर उभा राहून फोटो काढत होता. तो फोटो मी नंतर पुसायला लावला.

बारीत एका बाईनं ताक दिलं आणि कळसूची गोष्टही सांगितली. कळसू परक्या घरी कामाला राहिली ती एका बोलीवर: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस घरात पाहुणे आले, तिला भांडी घासायला लावली. तिनं घासली, आणि डोंगर चढून गेली ती परत आलीच नाही. "आमच्याकडं सुनांना ही गोष्ट सांगत नाहीत," असं म्हणून ती बाई स्वतःच हसली.

शेंडीला पोचलो तर आठ दिवस आधी फोनवर ठरवलेली खोली गेलेली. "मोठा ग्रुप आला ओ, वीस जणांचा. तुम्ही दोघंच." दोघांनीच पैसे आगाऊ पाठवले होते, पण ते वीस जणांपुढे हलके पडले. पैसे परत मिळाले एवढं खरं. रात्र एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी काढली. उंदरांची थोडी ये-जा होती.

अंधार पडायच्या आत धरणापर्यंत जाऊन आलो. प्रवरेवरचं हे धरण बांधायला १९१० मध्ये सुरुवात झाली, १९२६ मध्ये ते पुरं झालं. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन, म्हणून विल्सन डॅम. सगळं दगडी, उंची ८२ मीटर. अकरा टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी इथे अडतं आणि खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या उसाला जातं. काठावरच्या गावांना उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरावं लागतं, हे इथलं कुणीही सांगेल. त्यात नवीन काही नाही म्हणून ते कुणी रागानं सांगतही नाही.

दुसरा दिवस : पाण्याच्या कडेकडेनं

शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी. जलाशयाला उत्तरेकडून वळसा घालून दक्षिण काठाला यायचं. नाक्यावर प्रवेशशुल्काची पावती फाडली. तिथल्या माणसानं सायकलींकडे बघून विचारलं, "ह्याची पावती काय करायची?" आमच्याकडे उत्तर नव्हतं, त्याच्याकडेही नव्हतं. फुकट सोडल्या.

सकाळी सातला पाण्यावर धुकं होतं. उगवत्या बाजूला पाठ करून निघालो, त्यामुळे ऊन मागून येऊन आधी समोरच्या डोंगरांना लागत होतं, आम्हाला नाही. बोटं हँडलवर बधिर. मुरशेतच्या अलीकडे पाण्याच्या कडेला तंबूंची रांग लागली. पिवळे, निळे, भगवे तंबू, स्पीकर, रात्रीच्या शेकोट्यांची राख. एका तंबूतून सकाळी सातला ढोलाचं गाणं वाजत होतं. ज्या गावांची जमीन पाण्याखाली गेली त्यांना उरल्या काठावर चार पैसे मिळत असतील तर मी नाक मुरडणारी कोण? पण स्पीकरचं तसं नाही. त्याच्याविरुद्ध मी नाक मुरडणार.

पांजऱ्याच्या पुढे डांबर आणि खडी यांच्यात वाटणी झालेली होती, आणि बराचसा वाटा खडीला गेला होता. तरी सायकलवरून हा भाग जसा दिसतो तसा गाडीतून दिसत नाही. खळ्यावर भाताची झोडणी चाललेली. दोघी जणी पेंढी डोक्यावरून उचलून फळीवर आपटत, तिसरी पेंढा बाजूला टाकी. सप्प, सप्प. आम्ही रस्त्यावर थांबलो तर खळ्यावरूनच हाक आली, "या, दोन पेंढ्या मारा!" भाचा गेला. चौथ्या पेंढीला त्याचे दाणे खळ्याबाहेर उडायला लागले तेव्हा त्याला प्रेमानं बाजूला बसवण्यात आलं. तो भात काळभात होता, काळसर तुसाचा आणि वासाचा. ह्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली. इथे मात्र काळभाताचं कुणी कौतुक करत नव्हतं. "हा घरचा. विकायचा तो दुसरा," एवढंच.

उडदावण्याच्या चढावर नऊ महिन्यांच्या सायकलनं जीव सोडला. भाच्यानं चढात जोर लावताना गिअर बदलला. कर्रर्र आवाज झाला, मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, वाकून आऱ्यांत गेला आणि चेन तुटली. त्याच्याकडे पंक्चरचं सामान होतं, दोन ट्यूब होत्या, तीन प्रकारचे दिवे होते. चेन उघडायचं हत्यार घरी टेबलावर होतं. तिथे ते सुरक्षित होतं.

अर्धा तास ढकलत गावात आलो. एका पडवीत एक मामा मोटरसायकल उघडून बसले होते. त्यांनी सायकल उलटी करायला लावली. चाकाला एक गिरकी दिली, डिरेलरकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हे काढून टाकू. हे नसलं तरी सायकल चालती."

मग जे झालं ते मी पडवीच्या पायरीवर बसून जवळून पाहिलं. मामांनी दगडी उंबऱ्यावर एक जुना नट ठेवला. नटाच्या भोकावर चेनची कडी बरोबर बसवली. तीन इंची खिळ्याचं टोक आधी दगडावर घासून बोथट केलं, कारण टोकदार खिळा सरकतो. तो पिनेवर धरला आणि हातोडीचा एकच ठोका, फार जोरात नाही. पीन नटाच्या भोकात अर्धी उतरली. पूर्ण पाडायची नाही, ती बाहेरच्या पट्टीत अडकून राहिली पाहिजे, नाहीतर परत बसत नाही. असं दोन ठिकाणी केलं. डिरेलर सुटा केला. चेन पुढच्या मधल्या आणि मागच्या मधल्या दात्यांवरून ओढून पाहिली, बोटानं ढील मोजली, आठ कड्या काढल्या. मग कडी उलटी ठेवून पीन परत ठोकली. कडी आखडली होती ती दोन्ही अंगठ्यांनी आडवी हलवत हलवत मोकळी केली. गोडं तेल दोन थेंब. एका गिअरची सायकल तयार.

"किती द्यायचे?"

"चेनचे काय द्यायचे? चहा घ्या."

चहा घेतला. डिरेलर मामांच्या नातवानं मागून घेतला, त्याला त्यातली छोटी चाकं हवी होती. काही हजारांचा तो तुकडा अंगणात कोंबड्यांमागे गडगडत गेला आणि भाच्याच्या चेहऱ्यावरचे भाव मी इथे लिहीत नाही.

घाटघरला दुपारी एक वाजला. ह्या गावाला नगरची चेरापुंजी म्हणतात. पावसाळ्यात ढग कोकणातून उठून पहिल्यांदा आदळतात ते इथेच. गावाच्या वर घाटघर प्रकल्पाचं धरण आहे, रोलरनं दाबलेल्या काँक्रीटचं, देशातलं तशा प्रकारचं पहिलं. वरच्या तलावातलं पाणी कोकणातल्या खालच्या तलावात सोडून २५० मेगावॉट वीज करायची आणि विजेची मागणी कमी असेल तेव्हा तेच पाणी पंपानं पुन्हा वर चढवायचं. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे पाण्याला रोज गड चढायला लावायचा आणि परत उतरवायचा. माझ्यासारखं."

कड्यावर उभं राहिलं की पायाखाली शहापूर तालुका. उन्हानं धुरकट झालेला, तरी खालच्या तलावाचा आरसा दिसला. उत्तरेकडे अलंग, मदन, कुलंग हे किल्ले एका ओळीत. तिथून साम्रदपर्यंतचा रस्ता हा सबंध वळशातला सगळ्यात देखणा भाग. वर-खाली होत जाणारा, दोन्हीकडे वाळून सोनेरी झालेलं गवत. एका गिअरच्या सायकलला मात्र चढ चालवत नव्हता आणि उतार पायडलला पकड देत नव्हता. भाच्याच्या वाट्याला सपाटी तेवढी आली, आणि सह्याद्रीत सपाटी किती असते ते माहीत आहेच.

साम्रदला सांदण दरी. दोरानं उतरून पार कोकणापर्यंत जाणारे लोक असतात, आम्ही पहिल्या पाण्यापर्यंतच गेलो. जमिनीला पडलेली भेग म्हणावी तर तिच्यात उभं गाव मावेल. तोंडाशी आलं की आतून गार हवा येते, माठ ठेवलेल्या कोपऱ्यासारखी. दोन्ही भिंती इतक्या जवळ की वरचं आभाळ नाडीएवढं. पहिल्या डोहात पाणी अजून कमरेइतकं होतं. पाय घातला, काढला, परत निघालो. संध्याकाळ डोक्यावर होती आणि बूट ओले करायची माझी तयारी नव्हती.

साम्रद ते रतनवाडी झाडीतला रस्ता. सूर्य डोंगरामागे गेला तसा भाचा माझ्यापुढे राहायचा तो माझ्या शेजारी आला. "मावशी, बिबट्या सायकलच्या मागे लागतो का?" मी म्हटलं, "एका गिअरच्या मागे लागत नाही, त्याला दया येते." खरं सांगायचं तर मीही घंटी वाजवत होते.

रतनवाडीत ज्या घरी उतरलो तिथे नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि खुरासणीची चटणी. ही चटणी मी तीनदा मागितली. काळी, तेलकट, जिभेवर थोडी खरखरीत. नाशिकला परत आल्यावर पाट्यावर करून पाहिली, तशी झाली नाही.

तिसरा दिवस : रतनगड, खिंड, कुमशेत

पहाटे अमृतेश्वराला गेलो. शिलाहार राजा झंझ यानं नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालयं बांधली असं सांगतात, त्यातलं हे प्रवरेचं. बॅटरीच्या उजेडात बाहेरच्या भिंतीवरची एकेक मूर्ती पुढे येत होती आणि मागे जात होती. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. पावसाळ्यात पिंडी पाण्यात असते. आता कोरडी होती आणि तिच्यावर कुणीतरी भाताची एक लोंबी ठेवलेली.

सायकली घराच्या गोठ्यात गाईशेजारी बांधून ठेवल्या. बरोबर वाटाड्या म्हणून घरधनीच निघाले. त्यांच्या पाठीला एक गच्च भरलेली पिशवी. मला वाटलं आमचं जेवण. विचारलं तर म्हणाले, "काळभात आहे, पाच किलो. बहीण दिलीय कुमशेतला. नवं भात आलं की पोचवायचं असतं."

मग कळलं की आम्ही आलो नसतो तरी ते आज-उद्या निघणारच होते.

रतनगडाची वाट प्रवरेच्या लहानशा पात्राला अनेकदा ओलांडत जंगलात शिरते. इथे ती नदी म्हणजे एका उडीचं पाणी. तिला काल मी दिवसभर वळसा घालत होते हे पटत नाही. दीड तासानं वाट फुटते: एक गडाकडे, एक कात्राबाईकडे. मोठ्या सॅक तिथेच कारवीच्या दाटीत लपवल्या आणि खाऊची एक पिशवी चुकून वर राहिली. चुकून म्हणजे भाच्याच्या हातून. पुढे शिड्यांवर माकडांची धाड असते ती तर होतीच, त्यांच्यापासून आम्ही हातातल्या काठ्यांच्या जोरावर सुटलो. परत आल्यावर पाहिलं तर खालच्या टोळीनं मेथीचे पराठे संपवून लोणच्याची पुडी मात्र न फोडता दगडावर ठेवली होती.

लोखंडी शिड्या चढून गणेश दरवाजा, मग हनुमान दरवाजा. गडावरचं सगळं सांगत बसत नाही, पण नेढ्यात अर्धा तास बसलो त्याबद्दल लिहायलाच हवं. कातळाला आरपार पडलेलं भोक, सुईच्या नेढ्यासारखं, म्हणून नाव नेढं. वारा एवढा की बोललेलं शेजारच्याला ऐकू जात नाही. उत्तरेकडे पाहिलं तर कालचं सगळं एका नजरेत: शेंडीची भिंत, मुरशेतच्या तंबूंचे रंगीत ठिपके, उडदावणे असावं असा धूर. एक दिवस घाम काढून केलेलं अंतर तळहाताएवढं. दक्षिणेला आजोबाचा डोंगर, कात्राबाईची भिंत, आणि तिच्यामागे निळसर हरिश्चंद्रगड. "तिकडं जायचं?" भाच्यानं खुणेनं विचारलं. मी मान हलवली. त्यानं पाण्याची बाटली काढून अर्धी संपवली.

खाली येऊन सॅक उचलल्या आणि कात्राबाईच्या वाटेला लागलो. हा चढ सावलीतला पण सरळ उभा. कारवीच्या काठ्या धरून धरून वर जायचं. कोरड्या काठ्या हातात मोडतात, ओल्या धरायच्या, हे वाटाड्यांनी दोनदा सांगितलं आणि मी तिसऱ्यांदा शिकले. पावणेदोनला खिंडीत.

शेंदूर लावलेले चार दगड, वाळलेल्या हारांचे दोरे, फुटलेल्या नारळाच्या करवंट्या. कात्राबाई. वाटाड्यांनी पिशवीतून मूठभर भात काढून तिच्यापुढे ठेवला, मग बसले. खिंडीच्या ह्या बाजूला पडलेलं पावसाचं पाणी प्रवरेत जातं, त्या बाजूचं मुळेत. मुळा इथून दक्षिणेकडच्या खोऱ्यात उतरते आणि वेगळी वाट धरून थेट नेवाशाच्या बाजूला जाऊन प्रवरेला मिळते. जिल्हाभर फिरून. वाटाड्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग आम्ही बरे. बहिणीला भेटायला आम्हाला चार तास लागतात."

पलीकडची उतरण घसाऱ्याची. मुरमावरून पाय सटकतो, धरायला गवत. भाचा दोनदा बसला, मी एकदा, वाटाडे चपलांवर हातात पिशवी झुलवत. मध्ये एका सपाटीवर थांबून त्यांनी समोरचे डोंगर ओळखून दाखवले. कुमशेतचा कोंबडा, नाफ्ता, मागे गवळदेव आणि घनचक्कर. डोंगराचं नाव घनचक्कर ऐकून भाचा हसत सुटला. वाटाड्यांनी शांतपणे विचारलं, "चढलात काय कधी?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग हसा."

कुमशेतला पाच वाजले. बहिणीनं पायांवर पाणी घालायला तांब्या पुढे केला. पिशवीतल्या भाताचा मूठभर दाणा उचलून वास घेतला, आणि मग भावाकडे पाहिलं. आम्हाला वाटलं आपण मोठा ट्रेक केला. तिथे कुणी त्याबद्दल विचारलंच नाही. "आईचा गुडघा कसाय?" इथून बोलणं सुरू झालं आणि रात्री उशिरापर्यंत आम्ही कोपऱ्यात बसून त्यांच्या घरचं ऐकत राहिलो.

चौथा दिवस : कुमशेत ते पाचनई

वाटाडे उजाडायच्या आत खिंडीकडे परत गेले. पिशवी रिकामी नव्हती. बहिणीनं वरई भरून दिली होती.

आम्हाला पुढची वाट दाखवायला गावातली एक आजी मिळाली. ती पेठेच्या वाडीला लेकीकडे निघाली होती. डोक्यावर पाटी, पाटीत कोंबडी, कोंबडीचे पाय बांधलेले. अनवाणी. भाच्यानं मोबाइलमधली वाट उघडून ठेवली होती, ती उतरताना डावीकडे जायला सांगत होती. आजी उजवीकडे वळली. भाचा म्हणाला, "आजी, वाट इकडनं दाखवतेय." आजीनं मोबाइलकडे कोंबडीइतक्याच उत्सुकतेनं पाहिलं आणि म्हणाली, "तिकडनं बी जाती. पण तिकडं पाणी नाही प्यायला. ती शिकाऱ्यांची वाट." आम्ही उजवीकडे गेलो. वीस मिनिटांत दगडात बांधलेला झरा लागला.

चालता चालता तिनं सांगितलेल्या वाटा मी वहीत लिहून घेतल्या. हिरडा गोळा करायला जायची वाट वेगळी, गुरांची वेगळी, राजूरच्या बाजाराची वेगळी, मयतीला जायची वेगळी. मयतीला जाताना डोक्यावर काही नसतं, म्हणून ती उभी आणि जवळची. बाजाराची लांबची पण पायाला मऊ. लेकीकडे जायची वाट कुठली, विचारलं. "जाताना बाजाराची, येताना मयताची," म्हणाली. मला कळेना. "येताना पाटी रिकामी असती, बाई."

मुळेचं पात्र दगडांवरून उड्या मारत ओलांडलं. आजीनं कोंबडीची पाटी हलू न देता. पेठेच्या वाडीला ती लेकीच्या अंगणात शिरली आणि मागे न बघता हात हलवला. पुढे पाचनईपर्यंत आम्ही दोघंच, सरळ वाट, रणरणतं ऊन, सांगण्यासारखं काही नाही. दुपारी पोचलो, जेवलो, झोपलो.

पाचवा दिवस : हरिश्चंद्रगड आणि परत

पाचनईची वाट हरिश्चंद्रगडाच्या वाटांमधली सोपी. कातळाच्या पोटाखालून, ओढ्याच्या कडेनं, दोन-अडीच तासांत देवळापाशी. तीन दिवस ज्या दोन-चार माणसांची सवय झाली होती ती इथे सुटली. टपऱ्या, लिंबूसरबत, मुंबई-पुण्याचे जथे. केदारेश्वराच्या गुहेत थंडगार पाणी, मध्ये भलीमोठी पिंडी, भोवती चार खांबांपैकी एकच शाबूत. पाण्यातून प्रदक्षिणा घालायची म्हणून भाचा उतरला, "आई गं" म्हणत निम्म्यातून परत आला. चांगदेवांनी ह्या गडावर तप केलं असं सांगतात. ह्या पाण्यात अंघोळ करून केलं असेल तर मान्य.

कोकणकड्यावर पोटावर झोपून कडेवरून खाली डोकावलो. कडा सरळ खाली जात नाही, आत वळतो, त्यामुळे आपण ज्यावर झोपलोय त्याच्याखाली काही नाही हे पोटाला कळतं. भाच्यानं गवताची काडी सोडली. ती खाली गेली नाही. वाऱ्यानं उचलली, आमच्या डोक्यावरून मागे पठारावर टाकली. मग त्यानं तासभर तेच केलं. काड्या, पानं सोडली. कागदाचाही विचार केला, तेव्हा मी डोळे वटारले. पावसाळ्याच्या शेवटी ऊन आणि धुकं जमलं तर इथे गोल इंद्रधनुष्य दिसतं, इंद्रवज्र. आम्हाला धुरकट कोकण दिसलं आणि एक ससाणा, जो आमच्याखाली उडत होता.

तीनला पाचनईत उतरलो. राजूरपर्यंत जीप, त्यात सोळा माणसं आणि एक बोकड. राजूरला पेढे घेतले, घ्यायचेच असतात. तिथून शेंडी, शेंडीहून रतनवाडी, म्हणजे खिंडीच्या चार तासांच्या वाटेला बदल म्हणून तीन वाहनं आणि संध्याकाळ.

सायकली गोठ्यातच होत्या. माझ्या सायकलवर गाईनं शेपूट झाडून झाडून शेणाचे ठिपके काढले होते. भाच्याची लखलखत होती. घरातल्या मुलानं ती तीन दिवस शाळेत नेली होती, म्हणून धुऊन ठेवली होती. "चेन एकदा उतरली," तो म्हणाला, "पण मी बसवली."

दुसऱ्या दिवशी घोटीपर्यंत एका भाताच्या टेम्पोत पोत्यांवर सायकली टाकून आलो, पुढे नाशिक सायकलवर. आमच्या नेहमीच्या मिस्त्रीनं चेन हातात घेऊन ठोकलेली कडी बोटांनी दोन्हीकडे वाकवून पाहिली.

"कुठल्या मशीनवर बसवली?"

"उंबऱ्यावर," भाचा म्हणाला, आणि नवा डिरेलर केवढ्याला पडेल ते विचारायला लागला.